गाठोडं बांधा, पण तारीख विसरू नका

(कामासाठी गाव सोडून ऐरोलीत आलेल्या जोडप्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऐरोली हे मूळचं आगरी-कोळी लोकांचं खाडीकाठचं गाव. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने आले, सिडकोने नवी मुंबई वसवली, १९९९ साली मुलुंडकडून खाडीपूल झाला आणि २००४ साली ठाण्याहून लोकलगाडी सुरू झाली. आज इथे इमारतीच्या कामावर, कारखान्यात, बाजारात, घरकामात राबणारी पुष्कळ माणसं बाहेरगावची आहेत. कुणी बीड-जालन्याकडचे, कुणी साताऱ्याकडचे, कुणी जव्हार-मोखाड्याचे. दिवाळी झाली की गाव सोडायचं, पाऊस जवळ आला की पेरणीला परत जायचं. मधे जत्रा, लग्नकार्य, कुणाचं बाळंतपण. वर्षातून चार वेळा तरी गाठोडं बांधावं लागतं.

गाठोडं बांधताना आपण भांडीकुंडी मोजतो, पोरांचे कपडे घेतो, रेशनकार्ड जपून ठेवतो. पण जी बाई पाळणा लांबवण्यासाठी तीन महिन्यांचं इंजेक्शन घेते, तिची पुढची तारीख मात्र कुणी गाठीशी बांधत नाही. ती गावातच राहून जाते. आज मी त्या तारखेबद्दल बोलणार आहे.

हे इंजेक्शन काय आहे?

आपल्या राज्यात कुटुंबनियोजनाचा विचार जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा लोकांनी त्यांना नावं ठेवली. १९५२ साली सरकारनेच राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. निरोध, तांबी, गोळ्या, नसबंदी हे उपाय तुमच्या माहितीचे आहेत. त्यात इंजेक्शनाची भर पडली. १९९३ साली त्याला आपल्या देशात परवानगी मिळाली, पण ते खासगी डॉक्टरांकडे, पैसे देऊन. काही महिला संघटनांनी तेव्हा शंका घेतल्या. बाईला नीट माहिती न देता सुई टोचली जाईल, तपासणी होणार नाही, अशी त्यांची काळजी होती, आणि ती रास्त होती. म्हणूनच २०१७ साली ‘अंतरा’ या नावाने हे इंजेक्शन सरकारी कार्यक्रमात आलं तेव्हा आधी समजावून सांगायचं, तपासायचं, बाईची संमती घ्यायची आणि मगच टोचायचं, असा नियम ठेवला. ही संमती तुमची आहे. कुणी जबरदस्ती करू शकत नाही.

या इंजेक्शनात एक संप्रेरक असतं. आपल्या शरीरात जसा नैसर्गिक रस तयार होतो, त्याच जातीचं हे औषध. ते दंडात किंवा कमरेखाली स्नायूत टोचतात. तिथून ते हळूहळू रक्तात उतरतं आणि बीजकोशातून बीज बाहेर पडू देत नाही. तीन महिने, म्हणजे तेरा आठवडे, त्याचा अंमल राहतो. मग पुन्हा टोचून घ्यायचं. वर्षाला चार सुया. सरकारी दवाखान्यात मोफत.

आता एक हिशेब ध्यानात घ्या. हजार बायकांनी वर्षभर तारखेवर इंजेक्शन घेतलं, तर त्यांत दोघी-तिघींनाच दिवस जातात. पण प्रत्यक्षात तारखा मागेपुढे होतात, चुकतात. तसं झालं की शंभरात चौघींना, म्हणजे हजारात चाळीसजणींना दिवस जातात. औषध तेच, सुई तीच. फरक पडतो तो तारखेचा. आणि तारीख चुकण्याचं एक मोठं कारण म्हणजे प्रवास.

तारीख कशी चुकते?

समजा, एका बाईने गावच्या उपकेंद्रात १० ऑगस्टला इंजेक्शन घेतलं. तेरा आठवडे मोजले तर पुढची तारीख येते ९ नोव्हेंबर. पण मधे नवरा-बायको कामाला ऐरोलीत आले. बाई मनात म्हणते, “इथे ओळख ना पाळख, कुणाला विचारू? गावी गेल्यावर आमच्या नर्सबाईंकडून घेईन.” नवऱ्याला तर तारखेचा पत्ताच नाही. मुकादम म्हणतो, स्लॅब पडेपर्यंत सुट्टी नाही. बघता बघता संक्रांत येते. तोवर इंजेक्शनाचा अंमल सरलेला असतो. कडेवर दहा महिन्यांचं पोर, अंगात रक्त कमी, आणि पुन्हा दिवस गेलेले. मग कामही सुटतं आणि उचल मात्र डोक्यावर तशीच राहते. यात त्या बाईने औषध नाकारलं नव्हतं. तारीख दोन गावांच्या मधे पडली, एवढंच झालं.

म्हणून पहिली गोष्ट ही: अंतरा ही एका गावाची किंवा एका नर्सबाईची नाही. जिथे टोचून घेतलं तिथेच पुढचं घ्यायला हवं, असा नियम नाही. गावी प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिलं घ्या, दुसरं ऐरोलीत घ्या, तिसरं परत गावी घ्या. औषध एकच आहे. ऐरोलीत महापालिकेचं राजमाता जिजाऊ रुग्णालय आहे, शिवाय महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं आहेत. तिथे जाऊन एवढंच विचारा, “अंतरा कोणत्या दिवशी मिळतं?” किंवा वस्तीत येणाऱ्या आशाताईंना विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही. दिवसभर त्यांना हेच विचारायला बायका येत असतात.

सवलत किती?

आता नीट ऐका, कारण प्रवासाला जाणाऱ्याला हेच सगळ्यात उपयोगी आहे. पुढचं इंजेक्शन ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी घेता येतं, आणि ठरल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत घेता येतं. मघाच्या बाईची तारीख ९ नोव्हेंबर होती. म्हणजे ती २६ ऑक्टोबरपासून पुढे केव्हाही इंजेक्शन घेऊ शकली असती. गाव सोडण्याआधीच ते उरकलं असतं. नाहीच जमलं, तर ७ डिसेंबरपर्यंत ऐरोलीत घेता आलं असतं. सहा आठवड्यांची मुदत होती.

पण मागचे चार आठवडे ही अडचणीपुरती सवलत आहे. रोजची सवय लावू नका. शक्यतो आधीच घ्या. आणि जे इंजेक्शन जेव्हा घेतलं, त्या दिवसापासून पुढचे तेरा आठवडे नव्याने मोजा. जुनी तारीख धरून बसू नका.

चार आठवड्यांची सवलतही उलटून गेली तर? घाबरू नका, आणि गप्पही बसू नका. त्या दिवसापासून निरोध वापरा. दवाखान्यात जा. दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून घेऊन ते इंजेक्शन पुन्हा सुरू करतील. त्यानंतर सात दिवस निरोध वापरायला सांगतील, तो वापरा. निरोधाशिवाय संबंध आलेला असेल, तर तातडीची गोळी बहात्तर तासांच्या आत घ्यावी लागते. जितकी लवकर तितकी बरी. त्यासाठीही आशाताई किंवा दवाखाना आहे. आणि दिवस गेलेच असतील, नि मूल नको असेल, तर झाडपाला, गावठी काढे, बाजारातली कुणी दिलेली गोळी असलं काही करू नका. गर्भपाताचा कायदा १९७१ सालचा आहे, २०२१ साली त्यात सुधारणाही झाली. सरकारमान्य केंद्रात, डॉक्टरांच्या हातून, गुप्तता राखून ते करून मिळतं.

सोबत काय घ्यायचं?

इंजेक्शन घेताना बाईला एक कार्ड मिळतं. त्यावर कोणत्या तारखेला टोचलं आणि पुढची तारीख कोणती, हे लिहिलेलं असतं. प्रवासात हे कार्ड सोबत हवं. रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, घामाने पावसाने भिजणार नाही असं ठेवा. हल्ली घरटी एक मोबाईल असतो. कार्डाचा फोटो काढून ठेवा, नवऱ्याच्या मोबाईलमध्येही ठेवा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करा. पण ते कालनिर्णय गावच्या भिंतीवर लटकत राहिलं तर उपयोग नाही, म्हणून मोबाईलातच गजर लावून ठेवा. कार्ड हरवलं तरी दवाखाना टाळू नका. मागची तारीख आठवेल तशी सांगा, नवीन कार्ड करून घ्या.

काही जणी विचारतात, “बाटलीच सोबत घेऊन गेलो तर?” सरकारी अंतरा दवाखान्यातच टोचून मिळतं, त्यामुळे बाटली बाळगण्याची गरज नाही. तेच सगळ्यात चांगलं. पण काहीजणी खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून ते विकत घेतात आणि गावी नेतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली, याला बर्फ लागत नाही. पोरांची लस किंवा साखरेच्या आजाराचं इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, तसं हे नाही. नेहमीच्या खोलीतल्या हवेत ते चांगलं राहतं. बर्फात घातलं, गोठवलं, तर उलट बिघडतं. दुसरी, ऊन टाळा. एस.टी.च्या टपावरच्या बोचक्यात, उन्हात उभ्या असलेल्या टेम्पोत, पत्र्याच्या खोलीत खिडकीशी ठेवू नका. हातातल्या पिशवीत, कपड्याच्या घडीत, खोक्यासकट उभी ठेवा. तिसरी, खोक्यावरची मुदतीची तारीख बघा आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. आखातात किंवा दुसऱ्या देशात कामाला जाणाऱ्यांनी तर खोकं, चिठ्ठी आणि दुकानाची पावती एकत्र, विमानात जवळ राहणाऱ्या पिशवीत ठेवावी. चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, सुई शिकलेल्या हातातूनच घ्या. डॉक्टर किंवा नर्सबाई, दुसरं कुणी नाही. सुई-सिरिंज नवीन, पाकीट आपल्यासमोर फोडलेलं. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ आणि एड्ससारखे रोग घरात येतात. वापरलेली सुई उकिरड्यावर टाकू नका. तिथे कुणाची तरी पोरं खेळत असतात.

वाटेत काय होतं?

इंजेक्शन घेऊन त्याच दिवशी प्रवासाला निघालं तरी चालतं. फक्त टोचलेली जागा चोळायची नाही आणि गरम पाण्याने शेकायची नाही. चोळल्याने औषध लवकर पसरतं आणि त्याचा अंमल तीन महिने टिकत नाही.

गोळी घेणाऱ्या बाईला घाटात एस.टी. लागून उलटी झाली, तर गोळी वाया जाण्याची भीती असते. इंजेक्शनाला ती भीती नाही. ते पोटात गेलेलंच नाही, तर पडेल कसं? रोज आठवण ठेवण्याचीही गरज नाही. म्हणून सतत फिरतीवर असणाऱ्या बाईला हा उपाय सोयीचा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचंच बघा. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते, ती गुढीपाडव्याच्या आसपास परत येते. पाच-सहा महिन्यांत दोन तारखा येतात. एक निघताना घेतली, तर परमुलुखात एकच उरते. तुमच्या गावाकडे कुणी भावजय, कुणी नणंद कोयत्यावर जात असेल, तर तिला हे जरूर सांगा. तळ कर्नाटकात पडला तरी तिथल्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवून विचारता येतं.

नेहमीच्या शंका

*“इंजेक्शन घेतल्यापासून पाळी विस्कटली. हे कसं?”*

पहिल्या काही महिन्यांत अवेळी अंगावर जाणं, डाग पडणं हे पुष्कळ जणींना होतं. पुढे कित्येकींची पाळी बंदच होते. ती बंद झाली म्हणजे दिवस गेले असं नाही, आणि घाण रक्त पोटात साचतं हेही खरं नाही. रक्ताचा थरच तयार होत नाही, म्हणून ते बाहेर येत नाही. प्रवासात स्वच्छ कापड किंवा पॅड जवळ ठेवा. मात्र फार रक्त जात असेल, तर थांबू नका, जवळच्या दवाखान्यात जा.

*“वारीला जायचंय, पाळी पुढे ढकलायला हे घेऊ का?”*

नाही. हे इंजेक्शन त्यासाठी नाही. चार दिवसांच्या सोयीसाठी तीन महिन्यांचं औषध अंगात घेऊ नका.

*“पुढे मूल होईल ना?”*

होतं. पण लगेच नाही. शेवटच्या इंजेक्शनानंतर सर्वसाधारणपणे सात ते दहा महिन्यांनी दिवस राहू शकतात. पुढच्या वर्षी मूल हवं असेल, तर हे आधीच ध्यानात घेऊन इंजेक्शन थांबवा. आणि इंजेक्शन थांबवून मूल नको असेल, तर या महिन्यांच्या भरवशावर राहू नका. दुसरा उपाय सुरू करा.

*“अंगावर पाजते, तरी चालेल?”*

बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर चालतं. दूध कमी होत नाही.

*“कुणी घेऊ नये?”*

ज्यांचा रक्तदाब फार वाढलेला आहे, ज्यांना छातीची गाठ म्हणजे स्तनाचा कर्करोग आहे किंवा होता, ज्यांना लकवा किंवा हृदयाचा आजार झाला आहे, यकृताचा मोठा आजार आहे, किंवा कारण न कळता अंगावरून रक्त जातं, त्यांनी घेऊ नये. हे सगळं डॉक्टरांना आधी सांगा. नवीन दवाखान्यात तर मुद्दाम सांगा, कारण तिथे तुमची आधीची माहिती त्यांना नसते. इंजेक्शन चालू असताना डोकं सारखं जोराने दुखू लागलं, नजर अंधुक झाली, छातीत दुखलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. थोडं वजन वाढतं, हाडांची घनता काही काळ कमी होते, आणि औषध थांबवल्यावर ती भरून येते. बरीच वर्षं सलग घ्यायचं असेल, तर मधून मधून डॉक्टरांशी बोलून ठरवा.

*“मग निरोध कशाला?”*

इंजेक्शनाने दिवस राहत नाहीत, पण गुप्तरोग आणि एड्स यांपासून बचाव होत नाही. तो निरोधानेच होतो. नवरा सहा महिने एका गावी आणि बायको दुसऱ्या गावी राहत असेल, तर ही गोष्ट दोघांनीही मनात ठेवावी.

आता पुरुषांना

बंधूंनो, आतापर्यंत तुम्ही ‘हे बायकांचं’ म्हणून मागे उभे होतात. आता दोन पावलं पुढे या. सुई तिला टोचली जाते, पण प्रवास ठरवता तुम्ही. गाडीची वेळ, मुकादमाशी बोलणी, कुठे उतरायचं, किती दिवस राहायचं, हे सगळं तुम्ही ठरवता. मग तिची तारीख तुम्हाला ठाऊक नको? मुकादमाला सांगून तिला अर्ध्या दिवसाची मोकळीक मिळवून द्या. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडेल, हे खरं. पण नको असताना आलेल्या बाळंतपणात किती महिन्यांची मजुरी बुडते, याचाही हिशेब मांडा. दवाखान्यात तिच्यासोबत जा, पोराला तुम्ही कडेवर घ्या. आणि तिला हे इंजेक्शन मानवत नसेल, तर तिच्यावर रागावू नका. तांबी आहे, गोळ्या आहेत, निरोध आहे. दोन मुलं झाली असतील, पुढे मूल नको असेल, तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी आहे. ती थोड्या वेळात होते, आणि तिला पुढची तारीखच नसते. मात्र नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरून, वीर्य तपासून खात्री करून घ्यावी लागते.

शेवटी चार गोष्टी सांगतो. गाव सोडण्याआधी कार्ड काढून तारीख बघा. तारीख दोन आठवड्यांवर आली असेल, तर टोचून घेऊनच निघा. नसेल आली, तर जिथे जाणार तिथला दवाखाना पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात बघून ठेवा. आणि तारीख चुकलीच, तर निरोध वापरून लगेच दवाखाना गाठा. तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येऊ देऊ नका.

ज्यांच्याकडे आज कार्ड आहे, त्यांनी घरी जाऊन ते बाहेर काढा. पुढची तारीख कोणती आहे, आणि त्या दिवशी तुम्ही कोणत्या गावी असाल, एवढं दोघांनी आज रात्रीच बोलून ठेवा.